नववं मत

मोठ्या इस्पितळातल्या डॉक्टरांचे पांढरे कोट पस्तीस वर्षं मास्तरांनीच शिवले. कुठला सर्जन एका खांद्याने उतरता आहे, कुणाचं पोट दर वर्षी बोटभर पुढे येतंय, हे त्यांच्या घरच्यांआधी मास्तरांना कळायचं. त्यामुळे इस्पितळाच्या नीतिसमितीवर बाहेरचा एक ‘सामान्य सदस्य’ हवा, डॉक्टर नको, वकील नको, साधा शहाणा माणूस हवा, असा नियम आला तेव्हा अधीक्षकांना पहिली आठवण आपल्या शिंप्याची झाली. मास्तरांनी विचारलं, काम काय? बसून ऐकायचं आणि शेवटी हात वर करायचा, अधीक्षक म्हणाले. एवढंच असेल तर दुकानातला लाकडी पुतळा घेऊन जा, असं मास्तर म्हणाले, आणि पुढच्या सोमवारी इस्त्रीचा शर्ट घालून स्वतःच हजर झाले.

समितीचे अध्यक्ष निवृत्त न्यायाधीश होते. आयुष्यभर लोकांनी न वाचता केलेल्या सह्यांचे खटले ऐकून त्यांचे कान किटले होते. त्यांनी पहिल्याच वर्षी एक पद्धत पाडली. कुठल्याही प्रयोगासाठी माणसांकडून जो संमतीचा कागद भरून घ्यायचा, तो मतदानाआधी सामान्य सदस्याने सगळ्यांसमोर मोठ्याने वाचायचा. जिथे तो अडखळेल ते वाक्य परत जाईल. ज्याला वाचताना कळत नाही तो सही करताना काय समजणार, असा त्यांचा साधा हिशेब होता.

मास्तरांना हे काम भलतंच मानवलं. सहा वर्षांत त्यांनी चाळीसेक वाक्यं माघारी धाडली. मोठमोठे प्राध्यापक मास्तरांच्या तोंडाकडे बघत बसायचे, आता अडखळतोय की मग. कधी कधी तर वाक्य नीट कळलेलं असूनही, लिहिणाऱ्याचा तोरा उतरवायला, मास्तर मुद्दाम थांबायचे. हे बरं नव्हे हे त्यांनाही ठाऊक होतं. पण बायको गेल्यावर घरात अडखळायला कुणी समोर उरलं नव्हतं, आणि इथे आठ माणसं त्यांच्या एका खाकरण्यावर कान देऊन असायची.

या वेळचं प्रकरण मात्र साधं नव्हतं. इस्पितळात मूल न होणाऱ्या जोडप्यांवर उपचार होत. त्यात प्रयोगशाळेत तयार केलेली काही भ्रूणं उरत, ती गोठवून ठेवत, आणि आई-बापांना नको असली की काही वर्षांनी टाकून देत. एका संशोधक डॉक्टरीणबाईंनी अर्ज केला होता: टाकण्याऐवजी, आई-बापांच्या संमतीने, पाच दिवसांच्या त्या भ्रूणातल्या मूळपेशी आम्हाला द्या. त्या पेशींना हवं ते रूप घेता येतं. त्यांच्यापासून आम्ही डोळ्याच्या पडद्याचा झिजलेला थर नव्याने वाढवून बघू.

तिकडे विधिमंडळात याच विषयावर कायदा यायचा होता आणि सगळं शहर दोन तोंडांनी बोलत होतं. इस्पितळाच्या फाटकाबाहेर डावीकडे एक जमाव, उजवीकडे दुसरा. एकाच्या फलकांवर लिहिलेलं, भ्रूण म्हणजे माणूसच. दुसऱ्याच्या फलकांवर, आजाऱ्यांना उपचार मिळू द्या. दोन्ही जमावांना मास्तर आपलेच वाटत, कारण वर्तमानपत्रात छापून आलं होतं की समितीत चार बाजूने आहेत, चार विरोधात, आणि नववा एक शिंपी आहे.

विरोधातल्या चौघांत सगळ्यात पक्क्या होत्या सिस्टर. त्यांनी प्रसूतिगृहात चाळीस वर्षं काढली होती. त्या आवाज चढवत नसत. माणसाची सुरुवात कुठून मोजायची हे मला ठरवता येत नाही, म्हणून मी अगदी पहिल्या टोकापासून मोजते, असं त्यांचं म्हणणं. टाकूनच देणार आहेत ना मग, असं कुणी म्हटलं की त्या म्हणत, टाकण्यात आपण हात सोडतो, वापरण्यात आपण हात घालतो, दोन्ही एक नव्हे. मास्तरांना सिस्टरांचा मुद्दा पटत नसे, पण त्या बोलायला लागल्या की ते आपला खोकलाही आवरून धरत.

उलट बाजूने बोलणाऱ्या एका डॉक्टराने पहिल्या बैठकीत चूक केली. मास्तरांना समजावं म्हणून तो म्हणाला, तुमच्या दुकानात कापून उरलेल्या चिंध्या असतात ना, तसंच हे. मास्तर तडकले. चिंधी टाकताना मी कुणाच्या आई-बापाला विचारत नाही, म्हणाले. जिच्यासाठी दोन माणसांची सही लागते ती चिंधी नव्हे. त्या डॉक्टराने त्यानंतर एकही उदाहरण दिलं नाही.

त्याच बैठकीत मास्तर संमतीच्या कागदावर अडखळलेही होते, आणि या वेळी खरोखर. कागदात होतं, ‘भ्रूणाचा संशोधनार्थ विनियोग करण्यात येईल.’ मास्तरांनी विचारलं, विनियोग म्हणजे नेमकं काय करणार? डॉक्टरीणबाई चांगल्या होत्या, आढेवेढे घेतले नाहीत. त्यांनी सांगितलं, आणि मास्तरांच्या सांगण्यावरून जसंच्या तसं लिहिलं: ‘पेशी काढून घेतल्यावर हे भ्रूण जगत नाही. ते तिथेच संपते.’ नवी प्रत प्रत्येकाच्या घरी आली. मास्तरांनी त्या दिवशी मनात ठरवून टाकलं की आपला हात बाजूने वर जाणार. जे करणार ते एवढं सरळ सांगायची ज्याची तयारी आहे, त्याला करू द्यावं.

आता खरी गोष्ट सांगायला हवी. मास्तरांना वाचता येत नव्हतं.

दीड वर्षापूर्वी डोळ्यांसमोर मधोमध एक करडा डाग आला आणि हळूहळू पसरला. कडेचं सगळं स्वच्छ, मधलं गायब. माणसाकडे सरळ बघितलं की त्याचे कान दिसायचे, तोंड नाही. जरा बाजूला बघितलं तर तोंड सापडायचं. म्हणून मास्तर बोलताना समोरच्याच्या खांद्याकडे बघत, आणि शिंपी आहे, माप घेत असेल, असं लोक समजत. लांबच्या एका नेत्रतज्ज्ञाने सांगितलं होतं की डोळ्याच्या पडद्याचा मधला भाग झिजतोय, झिजलेलं परत येत नाही, इलाज अजून नाही, प्रयोग चालू आहेत. कसले प्रयोग, हे मास्तरांनी विचारलं नाही. ते त्यांना नंतर समितीतच कळलं.

हे ठाऊक होतं फक्त सुनेला. मुलगा नोकरीपायी फिरतीवर असे. दुकान आता सूनच चालवायची. कापड ती कापायची, मास्तर बोटांनी शिवण चाचपून सांगायचे कुठे ओढलंय. संमतीचा कागद आला की दुपारी गिऱ्हाईक नसताना ती वाचायची आणि मास्तर पाठ करायचे. चार पानं पाठ व्हायला आठ-दहा दिवस लागत. बैठकीत कागद समोर धरायचा, योग्य वेळी पान उलटायचं, मधेच चष्मा पुसायचा. कुणाच्या बापाला कळलं नाही.

सून एकदा स्पष्टच बोलली. तिने विचारलं, बाबा, दर बैठकीच्या सुरुवातीला अध्यक्ष विचारतात ना, या विषयात कुणाचा काही हितसंबंध आहे का म्हणून? मग तुम्ही काय सांगता? मास्तर म्हणाले, नाही म्हणून मान हलवतो. अर्जाच्या अकराव्या पानावरच लिहिलंय की माणसांवर उपचार व्हायला दहा-बारा वर्षं लागतील. तोपर्यंत माझे डोळे काय, मीच असेन की नाही. जे मला मिळायचंच नाही त्यात माझं हित कसलं? सून म्हणाली, बरं. पण ती ज्या पद्धतीने ‘बरं’ म्हणाली ते मास्तरांना दिवसभर टोचलं. कारण खरं कारण ते नव्हतं. डोळ्यांचं कळलं असतं तर वाचन गेलं असतं, आणि वाचन गेलं की खुर्ची गेली. मास्तरांना ती खुर्ची सोडवत नव्हती.

मतदानाच्या दिवशी सून दुकान बंद करून त्यांना सोडायला आली. फाटकापाशी दोन्हीकडून घोषणा झाल्या. मास्तरांनी दोन्हीकडे सारखाच हात हलवला आणि ताठ मानेने आत गेले. सून बाहेर बाकावर बसली.

लांब टेबलाभोवती नऊ खुर्च्या, एका टोकाला डॉक्टरीणबाई. प्रत्येकापुढे कागदाची नवी प्रत. अध्यक्षांनी नेहमीचा प्रश्न विचारला, कुणाचा हितसंबंध? नऊ माना हलल्या. मग ते म्हणाले, तिसऱ्या पानावर एक बदल आहे, लाल रेघ ओढून दाखवलाय, सगळ्यांनी बघून घ्या. कागदांची सळसळ झाली. मास्तरांनीही तिसरं पान काढलं आणि मान डोलावली. त्यांना वाटलं असेल एखादी तारीख. करड्या डागाच्या कडेने लाल रेघ तेवढी दिसली, अक्षर एक नाही. एवढ्या मोठ्या माणसांत उठून काय बदल आहे हे विचारण्याची त्यांची हिंमत झाली नाही, आणि इतर वेळी ज्याच्यावर ते जगत होते तो ‘मला कळलं नाही’ एवढा साधा शब्द नेमका आज तोंडातून निघाला नाही.

वाचन सुरू झालं. मास्तरांचा आवाज खणखणीत होता. पहिलं पान, दुसरं पान. कुठे थांबायचं, कुठे श्वास घ्यायचा, सगळं बसलेलं. तिसरं पान आलं, आणि मास्तर जरा सावरून बसले, कारण हे त्यांचं वाक्य होतं. ते त्यांनी एकेक शब्द सुटा करून म्हटलं. “पेशी काढून घेतल्यावर हे भ्रूण जगत नाही. ते तिथेच संपते.”

मग ते पुढच्या वाक्यावर गेले आणि दोन ओळींनंतर त्यांच्या लक्षात आलं की खोलीत कुणी हलत नाहीये. पान उलटायचा आवाज एकट्या त्यांच्याच हातातून आला.

“मास्तर,” अध्यक्ष म्हणाले, “ते वाक्य या प्रतीत नाही.”

सिस्टरांनी आपल्यापुढचं छापील वाक्य वाचून दाखवलं. ‘पेशी काढून घेतल्यावर भ्रूणाची पुढील वाढ होत नाही.’ एवढंच. वाचून झाल्यावर त्यांनी कागद टेबलावर पालथा घातला. डॉक्टरीणबाईंचा चेहरा उतरला. त्या म्हणाल्या की इस्पितळाच्या कचेरीने कळवलं होतं, जुनं वाक्य उद्या फाटकाबाहेरच्या फलकावर जाईल आणि कायदा तिथेच पडेल. नवं वाक्यही खोटं नाही, फक्त सौम्य आहे. म्हणून लाल रेघ ओढून दिलं, लपवलं काहीच नाही. हे सांगताना त्या मास्तरांकडे बघत नव्हत्या.

पण बाकीचे सगळे मास्तरांकडेच बघत होते. लाल रेघेवर बोट ठेवून माणूस भलतंच वाक्य वाचतो, म्हणजे काय? अध्यक्षांना एवढ्यात अंदाज आला होता. खुर्चीवर बसून माणसं ओळखण्यात त्यांचा जन्म गेला होता. त्यांनी घसा साफ केला आणि हलक्या आवाजात म्हणाले, “जुनी प्रत घरी बऱ्याचदा वाचली असेल तुम्ही. सवयीने तेच निघालं तोंडातून. चष्माही बदलायला झाला असेल. तसं असेल तर तशी नोंद करतो आणि पुढे जाऊ.”

सुटायला दार असं सताड उघडून मिळालं होतं. चष्मा, एवढं म्हटलं की झालं. खुर्ची राहिली असती, मत राहिलं असतं, आणि प्रयोग पाच विरुद्ध चार असा मंजूर झाला असता. डॉक्टरीणबाई श्वास रोखून होत्या. मास्तरांना त्यांचा चेहरा दिसला नाही, पण रोखलेला श्वास ऐकू आला. आणि मास्तरांना एकदम स्वतःचीच लाज वाटली. दोन बैठका आपण या बाईला सांगतोय की सौम्य बोलू नका, खरं काय ते लिहा. आणि आपण दीड वर्ष चष्मा पुसतोय.

त्यांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला.

“चष्म्याचा दोष नाही, साहेब. मला दिसत नाही. दीड वर्षं झाली. सून वाचते, मी पाठ करतो. आणि ज्या झिजलेल्या पडद्यावर यांचा हा प्रयोग आहे, तोच माझा झिजलाय. हितसंबंध आहे का म्हणून तुम्ही तीनदा विचारलंत आणि तिन्ही वेळा मी खोटी मान हलवली.”

अध्यक्षांनी लिहून घेतलं. मग नियमाप्रमाणे सांगितलं की मास्तरांना या विषयावर मत देता येणार नाही, त्यांनी बाहेर बसावं. सदस्यत्वाचं नंतर बघू. सगळ्यांना ठाऊक होतं की नंतर काय बघणार.

मास्तर उठले, खुर्ची आत सारली. तेवढ्यात सिस्टर म्हणाल्या, “साहेब, ते जायच्या आधी मला एक विचारायचंय. मत म्हणून नाही, माणूस म्हणून.” अध्यक्षांनी परवानगी दिली. “मास्तर, समजा हे उद्या तयार झालं. कुणाचं तरी भ्रूण संपवून केलेला तो पडदा तुमच्या डोळ्यात बसवतो म्हणाले. घ्याल?”

मास्तरांनी सिस्टरांच्या खांद्याकडे बघितलं, म्हणजे सिस्टरांचा चेहरा त्यांना दिसला. थकलेला, शांत, खोट काढायला न बसलेला चेहरा होता.

“घेईन,” ते म्हणाले. “आनंदाने घेईन. नात वर्षाची झाली, तिचं तोंड मी सरळ बघितलेलं नाही अजून. पण ते कशातून आलंय हे सांगून द्या मला. मी ते ऐकेन आणि मग घेईन. ज्यांनी दिलं त्यांनाही तसंच सांगून घ्या. मला सौम्य करून देऊ नका.”

“मी घेणार नाही,” सिस्टर म्हणाल्या. “आणि मत विरोधातच देणार.”

“द्या की,” मास्तर म्हणाले. “तुम्हाला नको म्हणायला कुणी अडवलंय?”

सिस्टर हसल्या. ते हसू काही मास्तरांना दिसलं नाही, कारण तोवर ते सवय सोडून सरळ त्यांच्याकडे बघत होते.

बाहेर सुनेने त्यांना एवढ्या लवकर आलेलं बघितलं आणि काय झालं ते न विचारता ओळखलं. मास्तर बाकावर तिच्या शेजारी बसले. सांगून टाकलं, म्हणाले. तिने विचारलं, सगळं? मास्तर म्हणाले, पाठांतरासकट. सून म्हणाली, बरं झालं, नाहीतर पुढच्या महिन्यात बत्तीस पानांचा कागद येणार होता, तो काही माझ्याने वाचवला नसता. मास्तर हसले, आणि हसता हसता त्यांच्या लक्षात आलं की आपल्याला हलकं वाटतंय. खुर्ची गेल्याचं दुःख होतंच, ते घसघशीत होतं, पण ते सरळ दुःख होतं. त्याला पुसत बसावं लागत नव्हतं.

अर्ध्या तासाने दार उघडलं. डॉक्टरीणबाई बाहेर आल्या त्या तरातरा. चार विरुद्ध चार. अर्ज तीन महिने लांबणीवर. जुनं वाक्य परत घालायचं, हे मात्र आठही जणांनी एकमताने सांगितलं, सिस्टरांनीसुद्धा. बाईंचा संताप आवरत नव्हता. “एक वेळ चष्मा म्हणाला असतात तर काय बिघडलं असतं, मास्तर? तुम्ही आमच्या बाजूचे होतात.”

“आहेच,” मास्तर म्हणाले. “म्हणून तर. उद्या कुणी शोधून काढलं असतं की त्या समितीतला पाचवा माणूस आंधळा होता आणि त्याला हेच औषध हवं होतं, तर तुमचा सगळा प्रयोग माझ्या एका थापेवर उभा आहे असं झालं असतं. फाटकाबाहेरच्यांना फलकावर लिहायला त्याहून चांगलं काय मिळालं असतं?”

त्या थोड्या वेळाने बाकाच्या कडेला बसल्या. राग उतरला की माणसाचा आवाज खाली येतो, तसा त्यांचा आला. त्यांनी विचारलं, डाग केवढा आहे? दोन्ही डोळ्यांत? कधीपासून? मास्तरांनी सांगितलं. प्रश्न संपले तेव्हा मास्तरांनी त्यांना एकच विचारलं. दहा-बारा वर्षं म्हणता, ती खरी की अर्जापुरती?

“खरी. जास्तच लागतील,” बाई म्हणाल्या. मग म्हणाल्या, “तुम्हाला याचा उपयोग होणार नाही, मास्तर. थर नुसता बसवून भागत नाही, त्याच्यापुढच्या पेशी जिवंत लागतात. तोवर तुमच्या उरणार नाहीत.”

सुनेने मास्तरांचा हात धरला. मास्तरांना हे माहीत होतं, अकराव्या पानापासून माहीत होतं. पण आपलं आपण समजणं वेगळं आणि सांगणाऱ्याने तोंडावर सांगणं वेगळं. पलीकडच्या खिडकीतून फाटकाबाहेरच्या घोषणा ऐकू येत होत्या, उजवीकडच्या जास्त जोरात. आजाऱ्यांना उपचार मिळू द्या.

“हे कागदात आहे का?” मास्तरांनी विचारलं.

“काय?”

“आत्ता मला सांगितलंत ते. भ्रूण देणारे आई-बाप काय समजून देतात? की आपल्या देण्याने बाहेरच्या त्या माणसांना दिसायला लागणार. माझ्यासारख्यांना. त्यांना हे सांगितलंय का?”

बाईंनी मान हलवली. मग मास्तरांना मान हलवलेली कळणार नाही हे लक्षात येऊन तोंडाने नाही म्हणाल्या.

“मग घाला. लिहून घ्या, मी सांगतो.”

बाईंनी पिशवीतून कागदाची प्रत काढली, मांडीवर ठेवली, पेन उघडलं. मास्तरांनी सावकाश सांगितलं आणि त्यांनी लिहून घेतलं. सुनेने ते वाचून दाखवलं, दुकानात वाचायची तसंच, बोट ठेवून.

“‘आज जे या आजाराने आजारी आहेत, त्यांना या प्रयोगाचा कदाचित उपयोग होणार नाही.’”

“कदाचित मी म्हटलं नव्हतं,” मास्तर म्हणाले.

“ते मी घातलं,” बाई म्हणाल्या.

“खोडा,” मास्तर म्हणाले.